'ब्राझील': चूक सगळ्यांना दिसते, दुरुस्त कोणीच करत नाही

मुंबईतल्या एका कॉलेजच्या फिल्म क्लबमधल्या मुलांनी तीन प्रश्न विचारलेत. टेरी गिलियमचा 'ब्राझील' (1985) त्यांना दाखवायचा आहे. पण त्यात सगळीकडे टाइपरायटरसारखी यंत्रं, कागदाचे गठ्ठे आणि भिंतीभिंतीतून फिरणारे जाडजूड पाइप. आता सगळी कामं मोबाइलवर होतात, मग हा चित्रपट आपल्याला लागू होतो का, हा पहिला प्रश्न. एवढं हसवल्यावर शेवट इतका निष्ठुर का, हा दुसरा. आणि कमीजास्त लांबीच्या आवृत्त्या आहेत त्यातली कुठली दाखवायची, हा तिसरा.

मी संकलक आहे. अंधेरीतल्या एडिट रूममध्ये माझं बहुतेक आयुष्य गेलं आणि 'ब्राझील' हा मी परत परत बघितलेला चित्रपट आहे. माझं म्हणणं असं, की तो हुकूमशहाबद्दल नाहीच. त्यात हुकूमशहा दिसत नाही, भिंतीवरून डोळे वटारणारा कुणी नेता नाही. तो आहे अशा व्यवस्थेबद्दल, जिथे चूक झालेली सगळ्यांना कळते, बहुतेक माणसं सभ्य असतात, आणि तरीही ती चूक मागे फिरवायचा रस्ताच कुणी ठेवलेला नसतो. कागद गेले म्हणून हा विषय जुना होत नाही. उलट कागदावरची चूक निदान डोळ्यांना दिसायची, खोडता तरी यायची.

ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकातलं कुठलंसं शहर, नाताळचे दिवस. सरकारी कचेरीत एक कर्मचारी माशी मारतो, ती छापयंत्रात पडते आणि एका वॉरंटवर 'टटल'च्या जागी 'बटल' छापलं जातं. टटल हा सरकारला हवा असलेला माणूस. बटल हा बायकोमुलांबरोबर घरी बसलेला साधा गृहस्थ. बटलला उचलून नेतात आणि चौकशीत तो मरतो. सॅम लाउरी हा रेकॉर्ड खात्यातला कारकून. ती चूक निस्तरायला निघतो आणि स्वतःच त्या यंत्रणेच्या तोंडी सापडतो.

आता बटलच्या अटकेचा प्रसंग जरा जवळून बघा. आई मुलीला गोष्ट वाचून दाखवतेय. वरच्या मजल्याच्या जमिनीला गोल भोक पाडलं जातं, तिथून शिपाई खाली उतरतात, खिडकीतून येतात, दारातून येतात. बटलला डोक्यापासून पायापर्यंत पिशवीसारख्या कपड्यात कोंबतात. बाई टाहो फोडतेय आणि एक अधिकारी अतिशय अदबीने तिच्यापुढे कागद धरतो, इथे सही करा. नवरा नेल्याची पावती तिला मिळते, आणि ती पावती दिल्याची पावती अधिकारी स्वतःकडे ठेवतो. मग दुरुस्तीवाले येतात. छताचं भोक बुजवायला आणलेलं झाकण मापात बसत नाही, खाली पडतं. मापं बदलली ती आम्हाला सांगितलीच नाहीत, अशी त्यांची कुरकुर. एका घराचा सत्यानाश झालाय आणि त्या खोलीत चर्चा कशाची, तर झाकणाच्या मापाची.

संकलक म्हणून मला यात शिकण्यासारखं खूप दिसतं. दुसऱ्या कुणी हा प्रसंग दोन भागांत केला असता. आधी अटक, गंभीर संगीतासह. मग थोडं थांबून दुरुस्तीवाल्यांचा विनोद. प्रेक्षकाला आधी रडू द्यायचं, मग हसू द्यायचं, असा तो सोयीचा मार्ग आहे. गिलियम ही सोय ठेवत नाही. हसू आणि किंकाळी तो एकाच खोलीत, एकाच दमात ठेवतो. हसलेला प्रेक्षक लगेच अवघडतो, कारण आपण नक्की कशाला हसलो हे त्याला कळलेलं असतं. उपहास म्हणजे नुसती टिंगल नव्हे. बघणाऱ्याला अंग चोरायला जागा न ठेवणं हे त्याचं खरं काम.

आणि या चित्रपटात ते काम सगळ्यात चोख कुठे होत असेल, तर चेकच्या प्रसंगात. त्या देशाचा नियम असा, की चौकशीचा खर्च ज्याची चौकशी झाली त्याच्याकडूनच वसूल करायचा. टटलच्या चौकशीचे पैसे बटलच्या खात्यातून वळते झाले. हिशेब चुकला, तेव्हा जादा कापलेली रक्कम परत करायला हवी. चेक निघतो, पण तो कुठल्या खात्यात बसत नाही, म्हणून सॅम म्हणतो की मी स्वतः नेऊन देतो. आपण मोठं माणुसकीचं काम करतोय असंच त्याला मनापासून वाटतंय. बटलच्या घरात सामान अजून विस्कटलेलं, छताला भोक तसंच. बाई थिजून बसलीय. सॅम बोलत राहतो, सही मागतो, हे माझ्या खात्याचं काम नाही तरी मी आलो हे सुचवतो. ती विचारते, त्याच्या देहाचं काय केलंत? सॅमकडे उत्तर नाही. त्याच्या फॉर्ममध्ये त्या प्रश्नासाठी रकानाच नाही.

सॅम दुष्ट नाही, हे लक्षात घ्या. जोनाथन प्राइसने तो चांगला, भित्रा, स्वप्नाळू माणूस म्हणून उभा केलाय. आपल्यातले बहुतेक नोकरदार असेच असतात. हल्ली समाजाचा ऱ्हास म्हटलं की लोक माइक जजच्या 'इडिओक्रसी'चं (2006) नाव घेतात. त्यात भविष्यातली माणसं मठ्ठ झालेली असतात आणि आपण शहाणे प्रेक्षक त्यांना हसतो. मला तो चित्रपट पटत नाही. तो बघणाऱ्याला शहाण्यांच्या बाकावर बसवून मोकळा होतो. 'ब्राझील' बघणाऱ्याच्या हातात तो चेक देतो आणि म्हणतो, जा, देऊन ये.

सॅमचा मित्र जॅक लिंट तर याहून भयंकर, आणि तोही घरगुती माणूस. मायकेल पेलिनचा तो हसरा, मुलीवर जीव असलेला बाप; याचा धंदा छळ करण्याचा. बटल का मेला, याचं त्याचं स्पष्टीकरण बघा: बटलला हृदयविकार होता, पण तो टटलच्या फाइलमध्ये लिहिलेला नव्हता. आणि चुकीचा माणूस आपल्याकडे बरोबर माणूस म्हणून पाठवण्यात आला, आपण तो विश्वासाने घेतला, मग चूक आपली कशी? प्रत्येक वाक्य नियमात बसतं. प्रत्येकाने आपापला तुकडा बरोबर केला आणि त्या तुकड्यांची बेरीज झाली एक प्रेत.

हे कल्पनेतलंच वाटत असेल तर ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण घ्या. तिथे 1999 पासून शाखांमध्ये फुजित्सूची 'होरायझन' ही संगणकप्रणाली आली. शाखा चालवणाऱ्यांच्या हिशेबात ती नसलेली तूट दाखवू लागली. 1999 ते 2015 या काळात 900 हून जास्त लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींची घरं गेली, काहींनी जीव दिला. मदतीसाठी फोन करणाऱ्या कित्येकांना सांगण्यात आलं, की असा त्रास फक्त तुमच्याकडेच होतोय. कोर्टातही संगणक बरोबर चालतोय हे गृहीत धरलं जायचं. तो चुकतोय हे दाखवायचं ओझं आरोपीच्या डोक्यावर. खेड्यातल्या पोस्टातल्या बाईने ते कसं दाखवायचं? शेवटी 2024 मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या प्रकरणात हजारो पालक असेच खोटे ठरवले गेले आणि जानेवारी 2021 मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. दोन्ही देश लोकशाही. कुठेही लष्करी राजवट नव्हती.

आपल्याकडे आझमगढच्या लाल बिहारींची गोष्ट तर जगभर गेली. 1970 च्या दशकात जमिनीसाठी नातलगांनी त्यांना महसुली कागदावर मृत दाखवलं. जिवंत असल्याचं सिद्ध करायला त्यांनी काय काय केलं! निवडणुकीला उभे राहिले, बायकोसाठी विधवेचं पेन्शन मागितलं, नावापुढे 'मृतक' लावलं आणि आपल्यासारख्यांचा मृतक संघ काढला. 1994 मध्ये ते कागदावर पुन्हा जिवंत झाले. ही गिलियमच्या तोडीची पटकथा आहे, पण तिच्यामागे एका विणकराची तब्बल दोन दशकांची फरफट आहे.

मुंबईतलं म्हणाल तर नोव्हेंबरमध्ये कुठल्याही बँकेत जाऊन उभं राहा. पेन्शनरांचा हयातीचा दाखला द्यायचा महिना. माझ्या आत्याला घेऊन मी दादरच्या एका शाखेत गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढे, जन्मभर धुणीभांडी आणि शिवणकाम करून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. काउंटरवरची मुलगी फार चांगली होती. तिने आत्याचा हात हातात घेतला, ओल्या फडक्याने बोट पुसलं, मग कोरडं केलं, दुसरं बोट लावून बघितलं, तिसरं लावून बघितलं. "आजी, जरा दाबून ठेवा हं." लाल दिवा. शेवटी ती कळवळून म्हणाली, "आजी, मी काय करू, सिस्टम घेतच नाही." आत्या तिच्या समोर, हातभर अंतरावर बसलेली होती, तिच्याशी बोलत होती. मी विचारलं, कागदी दाखला चालतो ना, त्यावर तुमच्या साहेबांनी सही करायची? चालतो. पण तो फॉर्म हल्ली कुणी मागत नाही म्हणून काउंटरवर ठेवलेला नव्हता, आणि सही करणारे साहेब मीटिंगला गेले होते. दोन तास बसून आम्ही ती सही घेतली. आत्याबरोबर मी होतो म्हणून. जिच्याबरोबर कुणी नसतं ती बाई लाल दिवा बघून घरी जाते आणि डिसेंबरात खात्यात पैसे येत नाहीत.

मशीन वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. ज्यांचे अंगठे चालतात त्यांच्या खेपा वाचल्या, पैसे खायची जागा कमी झाली, हे खरंच आहे. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. मशीन नाही म्हणालं तर माणसाने हो म्हणायची सोय नियमात असते, पण ती वापरायची सवय मोडते. त्या मुलीला आपण काही करू शकतो हेच आता वाटत नव्हतं. 'ब्राझील'मधल्या कारकुनांचं हेच झालंय. त्यांचे मॉनिटर इतके चिमुकले, की पुढे मोठं भिंग लावावं लागतं. अख्खं जग ते त्या भिंगातून बघतात. साहेबाने केबिनचं दार लावलं की सगळे पडद्यावर जुना काऊबॉय सिनेमा लावून बसतात. कामात जीव उरलेला नाही, म्हणून तो दुसरीकडे रमवायचा.

त्यात टटलची जागा काय? रॉबर्ट डी नीरोचा टटल हा हीटिंग दुरुस्त करणारा कारागीर. फॉर्म भरावे लागतात म्हणून त्याने सरकारी नोकरी सोडली. रात्री दोरीवरून येतो, पाइप दुरुस्त करतो, निघून जातो, आणि यासाठी तो सरकारच्या लेखी अतिरेकी. आपल्याकडे काही जण म्हणतात, हा म्हणजे आपला आरटीओबाहेरचा एजंट. मला हे साफ चुकीचं वाटतं. एजंट फॉर्मवर जगतो. फॉर्म जेवढा किचकट तेवढी त्याची चलती; व्यवस्था सुधारली तर पहिला तो उपाशी मरेल. टटलला फॉर्मचा तिटकारा आहे आणि हातातल्या कामाचं प्रेम आहे. मुंबईत टटल शोधायचाच असेल तर एजंटांच्या टपऱ्यांवर शोधू नका. रेशन दुकानाच्या रांगेत बायकांना त्यांचा हक्क समजावून सांगणारी, अर्ज फुकट भरून देणारी कार्यकर्ती प्रत्येक वस्तीत एखादी असते. तिला अधिकाऱ्यांचे टोमणेही खावे लागतात.

आणि जिल. बटलच्या वरच्या मजल्यावर राहणारी ट्रक चालवणारी मुलगी. चुकीचा माणूस नेला, एवढीच तिची तक्रार. या खिडकीवर शिक्का नाही म्हणून त्या खिडकीवर जा, असं करता करता तक्रार करणारीच संशयित ठरते. गिलियमने हे पात्र पुरेसं लिहिलेलं नाही, ही माझी तक्रार आहे. अर्धा वेळ ती सॅमच्या स्वप्नातली परीच राहते. ती स्वप्नदृश्यंही माझ्या हाती असती तर मी निम्मी केली असती. पण तक्रारदाराला गुन्हेगार करण्याचा तो धागा पक्का आहे. सॅम पकडला गेल्यावर तर एक पहारेकरी त्याला आपुलकीने सल्ला देतो, की लवकर कबूल हो, ताणून धरलंस तर तुझी पत खराब होईल. कर्जासाठी सिबिल स्कोअर बघितल्याशिवाय आज पान हलत नाही, त्या पिढीला हे वाक्य 1985 च्या प्रेक्षकापेक्षा जास्त टोचेल.

एका प्रसंगाबद्दल मात्र सावध करतो. उंची हॉटेलात बॉम्ब फुटतो, माणसं होरपळतात, आणि वेटर जखमींच्या आड पडदा उभा करतो म्हणजे बाकीच्यांचं जेवण मोडायला नको. वाद्यवृंद पुन्हा सुरू. मुंबईत हा प्रसंग दाखवला की कुणीतरी हमखास 11 जुलै 2006 च्या लोकल स्फोटांचा विषय काढतो, दुसऱ्या दिवशी गाड्या भरून धावल्या, आपणही तसेच बधिर झालोय म्हणतो. ही तुलना अन्यायाची आहे. त्या हॉटेलातले लोक पोट भरलेले आहेत, त्यांना उठायचं नाही. विरारहून दुसऱ्या सकाळी परत लोकल पकडणाऱ्याचा एक दिवसाचा पगारही बुडून चालणार नव्हता. त्याच्या नाइलाजाला 'स्पिरिट' म्हणून टाळ्या वाजवणारे जे होते, पडदा त्यांनी लावला. चर्चेत हा फरक कुणीतरी मांडा.

ज्यांना जवळचं उदाहरण हवंय त्यांनी चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (2014) जोडीला दाखवावा. गटारात मेलेल्या सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप मुंबईतल्या एका लोकशाहिरावर ठेवला जातो. एका वेगळ्या प्रकरणातल्या बाईने बिनबाह्यांचा कपडा घातलाय म्हणून न्यायाधीश तिची सुनावणीच पुढे ढकलतात. तिथेही कुणी खलनायक नाही. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, मुलाचा अभ्यास बघतात. गिलियम कॅमेरा तिरका लावून, भिंगं वापरून सगळं फुगवतो. ताम्हाणे कॅमेरा लांब, स्थिर ठेवून आपल्याला नुसतं बसवून ठेवतो. वाटा दोन, रोग एकच.

आता शेवट आणि आवृत्ती. हे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत. गिलियमची मूळ आवृत्ती 142 मिनिटांची, युरोपात तीच लागली. अमेरिकेत युनिव्हर्सल स्टुडिओला शेवट नको होता. त्यांनी आपल्या पद्धतीने 94 मिनिटांची आवृत्ती बेतली. त्यात प्रेम जिंकतं, सॅम आणि जिल सुटतात. गिलियमने 'व्हरायटी' या सिनेधंद्याच्या नियतकालिकात पानभर जाहिरात देऊन स्टुडिओप्रमुख सिड शाइनबर्ग यांना जाहीर विचारलं, माझा चित्रपट कधी प्रदर्शित करणार? मग परवानगी नसताना खासगी खेळ केले. लॉस एंजेलिसच्या समीक्षक संघटनेने अमेरिकेत प्रदर्शित न झालेल्या या चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं आणि स्टुडिओला डिसेंबर 1985 मध्ये 132 मिनिटांची आवृत्ती लावावी लागली.

मूळ शेवट असा: सॅम छळाच्या खुर्चीत आहे, समोर बाळाचा मुखवटा घातलेला जॅक. टटल येऊन त्याला सोडवतो, पळापळ होते, उडत आलेले कागद टटलला चिकटत जातात, त्याला पूर्ण झाकतात आणि आत माणूसच उरत नाही. सॅम जिलबरोबर हिरव्या दरीत पोचतो. आणि त्या दरीच्या आभाळात जॅक आणि त्याच्या खात्याच्या उपमंत्र्याचे चेहरे घुसतात. सॅम खुर्चीतच आहे, वेडा झालाय, गाणं गुणगुणतोय. हे छोट्या आवृत्तीत कापलं आहे, आणि कात्रीची ताकद किती असते ते इथे कळतं. शेवटचे दोन चेहरे काढले की त्याच दृश्यांचा अर्थ उलटा होतो: व्यवस्थेतून पळता येतं, एकट्याने, गाडी काढून, गावाकडे. बटलबाईचा प्रश्न मागे तसाच राहतो आणि प्रेक्षक सुटल्याच्या आनंदात घरी जातो. म्हणून शेवट निष्ठुर आहे. चेक देऊन निघून गेलेल्या सॅमला गिलियम दुसऱ्यांदा निघून जाऊ देत नाही.

तेव्हा 142 मिनिटांचीच दाखवा. मध्यंतर घ्यायचाच असेल तर चेकच्या प्रसंगानंतर लगेच घेऊ नका, दहा मिनिटं पुढे जाऊ द्या. त्या प्रसंगावर दिवे लावलेत तर तो वाया जाईल. 94 मिनिटांच्या आवृत्तीचा शेवटचा भाग मिळाला तर खेळ संपल्यावर वेगळा दाखवा आणि मुलांना दोन्ही शेवट शेजारी ठेवून बोलू द्या. मराठीत सूत्रसंचालन करा, आणि शक्य असेल तर बँकेत, वॉर्ड ऑफिसात काउंटरवर बसणाऱ्या दोघातिघांना आवर्जून बोलवा. त्यांचं म्हणणं मला ऐकायचंय, मी येईन.